खांद्यावरची बोटं

तेलगावच्या शिवारात, उसाच्या फडाला लागून, राखेबुवांचा पत्र्याचा मांडव होता. दिवस मावळायच्या सुमाराला तिथे पाय ठेवायला जागा नसायची. बुवा धुनीतली मूठभर राख हवेत उडवायचे आणि ओरडायचे, "मार, केदारआप्पा!"

केदारनाथ खटका दाबायचा. फ्लॅश लखकन् पेटायचा. मग तो कॅमेऱ्याच्या पाठीवरचा चिमुकला पडदा लोकांसमोर धरायचा आणि अख्ख्या मांडवाच्या तोंडून 'आऽऽ' निघायचा. माणसांच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर पांढऱ्या चकत्या तरंगत असायच्या. नुसत्या डोळ्यांनी बघावं तर तिथे काही नाही.

"कॅमेरा जपानचा, पितर तुमचे!" बुवा म्हणायचे. "जपानी मशीन खोटं कावून बोलंल? तिला काय तुमची भावकी ठाऊक हाय?"

हे दोन हजार पाच सालचं. धारूरच्या बाजारात केदारनाथचा फोटो स्टुडिओ. रिळाच्या कॅमेऱ्यावर वीस वर्षं हात बसलेला. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बाजूला, वीतभर लांब दांडीवर असायचा. वीस वर्षांत, हजार लग्नांत, एकही पितर त्याच्या फोटोत उतरला नव्हता. नवा डिजिटल कॅमेरा मात्र साबणाच्या वडीएवढा, फ्लॅश भिंगाला अगदी खेटून. मांडवातल्या पहिल्या संध्याकाळी चकत्या बघून तो स्वतःही चरकला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बायको पडदा झटकत होती, तिचा सहज एक फोटो काढला, तर तिच्याभोवती पन्नासेक पितर! सगळे स्टुडिओच्याच धुळीतले. तिथेच त्याला उमगलं.

उमगूनही तो तिसऱ्या दिवशी मांडवात गेला. लग्नात शेवटच्या पंगतीला कुणीतरी आठवण केली तर जेवणारा हा माणूस. इथे बुवांच्या उजव्या हाताला त्याची खुर्ची होती. लोक वाट करून द्यायचे. बाया पोरांना त्याच्या पाया पडायला लावायच्या. ते त्याला गोड लागलं, एवढंच.

मग एकदा चंद्रभागाबाई सुनेला घेऊन आली. मुलगा रामहरी ऊसतोडीला गेलेला, आणि सून मनिषा क्षयाने घरी राहिलेली. आठवड्यातून तीनदा सरकारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईंसमोर गोळ्या गिळायची. दोन महिन्यांत अंगावर जरा मांस धरू लागली होती. बुवांनी राख उडवली, केदारनाथने खटका दाबला आणि एक ठसठशीत चकती नेमकी मनिषाच्या पाठीशी उतरली.

"म्हातारे, ह्यात तोंड हाय," बुवा डोळे बारीक करून म्हणाले. "तुझा मालक हाय. आप्पा, उद्या तुमच्या कॉम्प्युटरवर जरा धुऊन आना."

'धुऊन' म्हणजे काय, ते केदारनाथला कळलं. त्याने मनाची समजूतही घातली. लोक मेलेल्या माणसाचा फोटो आणतात, आपण मिटलेले डोळे उघडून देतो. जन्मभर बंडी घातलेल्या अण्णांना कोट चढवतो. लोक तो फोटो भिंतीला लावतात, खूश होतात. मग हे काय वेगळं? रामहरीच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते. जुनी निगेटिव्ह स्कॅन केली, म्हाताऱ्याचं तोंड खांद्यापर्यंत कापलं, फिकट केलं, कडा पुसट केल्या, चकतीत बसवलं. लाईट गेली तर सगळं जाईल म्हणून घाई केली. त्या घाईत म्हाताऱ्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी बोटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मांडवात बुवांनी ती पाहिली आणि पापणीही न लववता म्हणाले, "ही बोटं यमदूताची! म्हाताऱ्याला धरून ठेवलंय त्यानं. तो सुटंस्तोवर पोरीच्या पोटात इंग्रजी गोळी जाता कामा न्हाई. रोज राख, पान्यातून."

केदारनाथ खुर्चीत बसून होता. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, तो त्याने घालवला.

बारा दिवसांनी भर दुपारी मनिषा स्टुडिओत आली. पायरीवर बसून आधी दम घेतला, मग पदराखालून दोन फोटो काढले, लग्नातला आणि मांडवातला.

"आप्पा, एक इचारू? मेल्यावर मानूस फेटा बांधूनच फिरतं का?"

तो खाली बघायला लागला.

"आन् ही बोटं बघा. हे एक थोटं हाय ना? कडबा कापायच्या मशीनीत गेलतं. माज्या भावाचं हाय ते, बजरंगचं. तो तर जित्ता हाय की, पालीला." तिने लग्नातल्या फोटोवर नख ठेवलं. "तुमीच म्हनलता, सोयरे झालात, टाका खांद्यावर हात."

'मी केलं,' एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच. "कुणाला सांगितलंस?"

त्या दोन शब्दांची लाज त्याला पुढे कितीतरी वर्षं पुरली.

"कुनाला सांगू?" ती खोकली. "आत्याबाई रोज ह्या फोटूपुढं दिवा लावत्यात. माज्या ताटाला शिवत न्हाईत. दवाखान्याची वाट बंद. काल थुंकीत रगत आलं. मी बोलले तर सून खोटारडी. आप्पा, तुमी बोला."

त्या संध्याकाळी केदारनाथ मांडवात गेला, पण खुर्चीत बसला नाही. "बुवा, आज राख राहू द्या," म्हणत त्याने पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं, भिंगापुढे उडवलं आणि खटका दाबला. पडदा लोकांपुढे धरला. चकत्याच चकत्या.

"हे कुनाचे पितर?" त्याने विचारलं. "ज्वारीचे?"

मागून कुणीतरी फिस्सकन् हसलं.

"पीठ बी अन्नदेवताच हाय!" बुवा गरजले. "तुजी श्रद्धा मेली, आप्पा!"

"कपाळ बघा माझं, बुवा. रोज विभूती लावतो. ती कपाळावर शोभते, भिंगापुढं कशाला उडवता?" त्याने फ्लॅश बंद केला, पुन्हा पीठ उडवलं. फोटो अंधारलेला, पण एकही चकती नाही. "भिंगाजवळचा कण फ्लॅशनं उजळतो. इतका जवळ की कॅमेऱ्याला तो नीट दिसत नाही, पसरून रुपयाएवढा होतो. बाकी काही नाही."

मग मनिषाने स्टुडिओत ठेवून दिलेले दोन्ही फोटो त्याने, सुनेसोबत पुढेच बसलेल्या चंद्रभागाबाईच्या हातात दिले. "बाई, तोंड मी चिकटवलं. बोटं बजरंगची आहेत, कापायची राहिली."

म्हातारी एकदा या फोटोकडे, एकदा त्या फोटोकडे बघत राहिली. बुवांना काही विचारावंसं तिला वाटलंच नाही.

"तुला कवापासनं ठाऊक व्हतं रं?"

"चकत्यांचं दुसऱ्या दिवसापासनं. तोंडाचं... ते तर मीच केलं."

"आन् मी बारा दिस लेकराच्या ताटाला शिवले न्हाई," ती म्हणाली आणि मनिषाचा हात धरून चालू लागली. मांडवातली माणसं एकमेकांची नजर चुकवत, चपला शोधत उठली. बुवा उगाच धुनी सारखी करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासू-सून दवाखान्यात होत्या. नर्सबाई आधी ओरडल्या, मग थुंकीची डबी दिली. तपासणी पुन्हा पहिल्यापासून. बुडालेल्या बारा दिवसांनी किती नुकसान केलं, ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. केदारनाथ फाटकाबाहेर उभा होता. आत जायचा धीर त्याला झाला नाही.

जाताना चंद्रभागाबाई त्याच्यापुढे थांबली. "मालकाचा फोटू दे मला, लग्नातला. भिंतीला लावायला. पुरा दे, बजरंगच्या हातासकट. आता कुनाला कापू नको."

त्याने मान हलवली. तो फोटो त्याने मोठा करून दिला, आणि स्टुडिओच्या दारावर स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला. तो पिवळा पडला, तरी कितीतरी दिवस तिथेच होता:

'फोटोत अचाट काही दिसलं तर हात जोडायच्या आधी विचारा. उजेड कुठून पडला? मध्ये काय उडत होतं? नंतर त्याला हात कुणी लावला? आणि आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या, फोटो पळून जात नाही. माझ्या फोटोबद्दल शंका असेल तर मला विचारा. मी खाली बघायला लागलो, तर काय ते समजून जा.'