राहून गेलेला सूर

“हा गिटारवाला कोन होय बाप्पा? काय टोन हाय!” ऑफिसातला घनश्याम हातातली प्लेट विसरून रस्त्याकडे बघत म्हणाला.

वरात मंडपाजवळ आली होती. धुमाल पार्टीच्या, म्हणजे वरातीपुढं वाजणाऱ्या बँडच्या, ट्रकवरच्या स्पीकरांतून गिटारचा खरखरीत, रागीट आवाज येत होता. नंदकिशोरनं तो लगेच ओळखला. तो आवाज त्याचा होता, आणि तो स्वतः तर इथं, ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात, पुरी खात उभा होता.

“विदेशी पेडल असंल, पाहा. अन् अ‍ॅम्प व्हॉल्ववाला,” घनश्यामनं निकाल दिला. मोबाईलवर गिटारच्या सामानाचे व्हिडिओ बघून बघून त्याला सगळं कळत होतं.

नंदकिशोरला खरं ठाऊक होतं. कसलं विदेशी! देशी अ‍ॅम्प, त्यातल्या स्पीकरचा एका बाजूनं फाटलेला कागद आणि नखाच्या कडेनं तार ओढायची सवय. कॉलेजात रॉकच्या कॅसेटी ऐकून लागलेलं वेड त्यानं वीस वर्षं याच ट्रकवर उभं राहून, वाजवून जोपासलं होतं. तेव्हा लोक काय म्हणत? आवाज फाटून राह्यला भाऊ, जरा गोड वाजवा.

“अहो, हे त तुमचंच वाजवनं होय,” मधुवंती त्याच्या कानाशी म्हणाली. बायकोला ओळखू यायला एक तान पुरली.

तो प्लेट ठेवून ट्रककडे गेला. वर गिटार नव्हतीच. पार्टीतला पोरगा रजत इलेक्ट्रॉनिक पॅड घेऊन बसला होता. एकेका चौकोनावर बोट पडत होतं आणि नंदकिशोरचा एकेक सूर बाहेर पडत होता.

पावसाळ्यात हाच रजत घरी आला होता. “भाऊ, तुमचा टोन मले समजून घ्याचा हाय,” म्हणाला होता. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. नंदकिशोर हुरळून गेला. दुपारभर तो वाजवत राहिला, समजावत राहिला, मधुवंतीनं दोनदा चहा केला. रजतचं रेकॉर्डिंग चालू होतं ते त्याला दिसत होतं. अखेर कदर करणारा भेटला, एवढंच त्या खुळ्याच्या मनात आलं. मग लग्नसराई सुरू झाली आणि पार्टीचा मालक पुनाराम त्याला बोलवायचा बंद झाला.

पुनाराम ट्रकमागेच उभा होता.

“मले काहून नाही बोलावलं?” नंदकिशोरनं विचारलं.

“तुमीच त वाजून राह्यले, भाऊ!” पुनाराम हसला. “खरं सांगू? तुमी रोज येगळं वाजवता. लोकाइले रोज तेच पायजे. पॅड चुकत नाही, रुसत नाही.”

नंदकिशोरच्या अंगाचा तिळपापड झाला. पण स्वतःच्याच आवाजाशी भांडायचं कसं?

वरून रजत वाकला. “भाऊ, एक चीज राहून गेली. ते शेवटी तार तानून सूर रडवत खाली आनता ना, तेवढं. उद्या घरी येऊ का? दोन मिनटाचं काम हाय.”

त्या दुपारी बोटं दुखायला लागली म्हणून तो सूर राहिला होता.

“नाही,” नंदकिशोर म्हणाला. “ते मी देनार नाही.”

पुनारामनं खांदे उडवले. पण नंदकिशोरची छाती फुगली. जन्मात पहिल्यांदा त्यानं कोणाला काही नाकारलं होतं. आत्ता वाजत होती ती धून त्यानंच बसवलेली होती, त्या सुराशिवाय ती पुरी होतच नव्हती. आता कळेल सगळ्यांना, असं म्हणत तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

धून चढत चढत त्या जागेवर आली. तिथं गिटारचा आवाज थांबला, नुसते ढोल वाजले आणि धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नवरदेवाच्या मामानं शिट्टी मारली. नाचणाऱ्यांपैकी एकाचाही पाय अडखळला नाही.