मामाला आवडलेला व्हिडिओ

दाढ काढल्यावर भुलीच्या अमलात लेक काहीबाही बरळत होती आणि आई हसू दाबत फोनवर ते टिपत होती. मध्येच लेक म्हणाली, "डॉक्टरकाका, मी अजून अंथरूण ओलं करते. कुणाला सांगू नका हं."

आईने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. घरचीच तर माणसं! पण त्यांत तिचा धाकटा भाऊही होता आणि त्याला जगाला हसवायचा भारी सोस. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा नेटवर चढवला.

आठवड्याभरात शाळेत लेकीचं नाव 'नळ' पडलं. तिने शाळाच सोडली. आईने भावापुढे हात जोडले, पण तो हसण्यावारी नेई. "अगं ताई, पोरगी स्टार झालीये! फार तर दंड होईल, भरू." अशा माणसाला काय म्हणावं? सख्खा भाऊ म्हणावं लागतं, हीच पंचाईत.

मग कायदा कडक झाला. मुलांचं खासगी काही चव्हाट्यावर मांडलं किंवा तसंच राहू दिलं तर थेट कैद. नातेवाइकांनाही सूट नाही. बातमी ऐकताच ताई मशीनवरची शिलाई अर्धवट सोडून भावाच्या मोबाइलच्या दुकानात धडकली.

"सख्ख्या भावाची तक्रार करशील?" त्याने विचारलं.

"लेक काय सावत्र आहे माझी?"

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून त्याने व्हिडिओ नेटवरून काढून टाकला. पुढे पाठवणाऱ्या एकेकाला फोन लावला. "अहो काढा, नाहीतर आत जाल!" संध्याकाळपर्यंत व्हिडिओ कुठेच दिसेना, तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला.

घरी लेक पांघरूण ओढून पडली होती.

"मामाने व्हिडिओ काढून टाकला गं. सगळ्यांना काढायला लावला."

"मामाला पकडणार?"

"नाही. पण चांगलाच टरकलाय."

लेक हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग उठून बसली.

"आणि तुझ्या फोनमधला? कायद्यात आईला सूट आहे?"

ताई ओशाळली. तो तिने हौसेने जपून ठेवला होता. "नाही गं," म्हणत तिने फोनच लेकीच्या हातात दिला. लेकीने व्हिडिओ स्वतः पुसला, पुन्हा एकदा शोधून खात्री केली आणि फोन परत देत म्हणाली, "उद्या डब्यात काय देशील?"