तिजानीचं सावरलेलं हृदय

तिजानीचं हृदय फुगून सैल पडलं होतं, तेव्हा तीन उशांना टेकून हाच शूर पुरुष रडायचा, "नजीबा, मी मरतोय गं!" बायकोने वर्षभर त्याला वेळच्या वेळी गोळ्या दिल्या, रोज सकाळी वजनकाट्यावर उभं केलं, बिनमिठाचं रांधलं आणि स्वतःही तेच गिळलं. हृदयावरचा भार उतरला, तसं ते आक्रसत जवळजवळ मूळ मापावर आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय सावरलंय. पण गोळ्या जन्मभर. सोडल्यात तर पुन्हा फुगेल."

तिजानीने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. ट्युनिशियातल्या त्यांच्या सफाक्स शहरात, कॉफीच्या दुकानात तो छाती ठोकून सांगू लागला, "अहो, सफाक्सचं हृदय आहे! रोज पेलाभर ऑलिव्हचं तेल पितो, गोळ्या कशाला हव्यात?" अकलेचा कांदा! रमजान लागला तसं त्याने रोज्याचं निमित्त करून गोळ्या बंद केल्या. इफ्तारनंतर गोळ्या घ्यायला कुणी त्याचा हात धरला नव्हता. नजीबाने विचारलं की म्हणायचा, "घेतल्या गं, किती कटकट!"

ईदच्या सकाळी सफाक्समध्ये खारवलेला मासा आणि शरमूला, म्हणजे कांदा-मनुकांचा दाट रस्सा, नसेल, तर ती ईदच नव्हे. नजीबाने तो दिरांसाठी केला आणि नवऱ्यासाठी अळणी मासा वेगळा उकडला. तिजानीने भावांपुढची थाळीच ओढून घेतली.

"वर्षभर हिने आजाऱ्याचं खायला घातलं," तो तोंडात घास कोंबत म्हणाला, "नाहीतर मी केव्हाच बरा झालो असतो!"

भाऊ खो खो हसले. नजीबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाहुण्यांसमोर तिने अळणी मासा उचलून आत नेला. उरलेला मासा तो पुढे चार दिवस चाटूनपुसून खात होता.

ईदनंतर तिसऱ्या आठवड्यात त्याचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्हा फुगलंय. गोळ्या कुणी बंद केल्या?"

तिजानीने बायकोकडे बोट केलं. "ही द्यायला विसरली."

नजीबाला रागसुद्धा आला नाही, नुसती किळस आली.

"हो, विसरले," ती म्हणाली. "या साठीच्या बाळाला घास भरवून तोंडही पुसावं लागतं, ते विसरलेच."

"ताई, गोळ्या परत सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मागच्यासारखं सावरेल, असं या वेळी सांगता येत नाही."

तिजानीचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने चाचपडत नजीबाचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला आणि गोळ्यांची चिठ्ठी त्याच्याच हातात दिली.