निवेदक क्रमांक सात

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकला की नाशकातल्या सिडकोतले शेजारी विचारायचे, "म्हणजे नक्की काय गं, संजना?" मी सांगायची, अहिराणी, मराठी आणि गुजराती बायका आपली इच्छा कशी बोलून दाखवतात, गाण्यांत कशी आणि रोजच्या बोलण्यात कशी, याचा तौलनिक अभ्यास. मग एखादी काकू म्हणायची, "अगंबाई, बायकांना इच्छा विचारतं कोण?" भाषाविज्ञान आणि तौलनिक साहित्य असं दुहेरी खूळ डोक्यात घेऊन मी पुण्याहून एम.ए. करून आले होते. यांना काय कळणार, असा माझा तोरा असायचा.

घरी मी आणि माय, दोघीच. माय मूळची नामपूरची. नाशकात पस्तीस वर्षं काढली तरी माझ्याशी ती अहिराणीतच बोलायची आणि मी मराठीत उत्तर द्यायची. तिची थोरली बहीण, सरूमावशी, नामपूरलाच होती. गेल्या वर्षी मावशीला अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. त्यामुळे फोनचा काही उपयोग नव्हता, भेटायचं तर समोर जाऊनच. मायच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही, सोबत कुणीतरी लागणार. ते कुणीतरी म्हणजे मीच.

"प्रबंध जमा होऊ दे, मग जाऊ," मी दर वेळी म्हणायची.

आणि याच काळात मी स्वतः नामपूरला तीनदा जाऊन आले. मार्केटात कांदा निवडणाऱ्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं. माझे गाईड शामसुंदर सर त्यांच्या गाडीतून न्यायचे. मागची सीट रिकामी असायची. पण कामाला जाताना आईला कुठं बरोबर न्यायचं? ती मध्येच गप्पा मारत बसेल, बायका माझ्याशी मोकळ्या होणार नाहीत, सरांना काय वाटेल. एकदा दहा मिनिटं मावशीकडे डोकावले, उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला. मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे आणखी कुणी येतंय का, म्हणून दाराकडे बघत होती. हे मी मायला सांगितलं नाही.

प्रबंध जमा करायला पंधरा दिवस उरले तेव्हा सर म्हणाले, "गाणी भरपूर झाली. रोजच्या बोलण्यातली उदाहरणं मात्र कमी पडताहेत. एखादा तरी चांगला आवाज आणा." मी तीन तालुके पालथे घातले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याच संध्याकाळी माय मेथी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "माले एकदाव नामपूर जानं शे. बहीनले देखनं शे."

एकदा नामपूरला जायचंय, बहिणीला बघायचंय: रोजच्या बोलण्यातली अस्सल इच्छा! मी टाळ्या वाजवायचीच काय ती बाकी राहिले. फोन काढून तिच्यासमोर ठेवला, पंखा बंद केला. "माय, पुन्हा म्हण ना. जरा सावकाश."

तिनं म्हटलं. खाली भंगारवाल्याचा भोंगा वाजला. "अजून एकदा." तिनं परत म्हटलं. तिसऱ्या वेळी तिनं मेथीची जुडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत, हसून म्हणाली. पोरगी शेवटी ऐकतेय, असं तिला वाटलं. वाक्य संपल्यावर तिनं विचारलं, "कव्हय जाऊत?"

ते 'कधी जायचं' तेवढं मी कापून टाकलं. नमुना स्वच्छ लागतो.

ज्यांचं बोलणं नमुना म्हणून घ्यायचं ते निवेदक; घरच्या माणसांना निवेदक करायचं नाही, असं सरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. म्हणून मी लिहिलं: निवेदक क्रमांक सात, स्त्री, वय त्रेसष्ट, राहणार नामपूर. या लबाडीनं दोन रात्री मला झोप आली नाही. ज्या गोष्टीनं झोप उडायला हवी होती, ती मनातसुद्धा आली नाही.

मार्चमध्ये प्रबंध जमा झाला. मग मी शिकवत होते त्या कॉलेजात पेपर तपासणं आलं, तासिका तत्त्वावरचे जादा तास आले. मे महिन्यात मावशी गेली. आम्ही गाडी करून पोहोचलो तोवर माणसं नदीवरून परतली होती.

दिवाळीनंतर माझी मौखिक परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. नातेवाईक तर बसतातच, विषय कळो न कळो, आणि पेढे निकालाच्या आधीच आणलेले असतात. माय शेवटच्या रांगेत बसली होती. अंगावर ठेवणीतली मोरपंखी साडी, मांडीवर पेढ्यांचे दोन बॉक्स.

बाहेरून आलेल्या परीक्षक उत्तरा मॅडम म्हणाल्या, "एखादा आवाज ऐकवा ना." माझं बोट आपोआप सातवर गेलं. सगळ्यांत स्वच्छ तोच होता. हॉलमधले स्पीकर चांगले होते. मायचा आवाज घुमला आणि मग कुठं माझ्या लक्षात आलं, मी काय लावलंय. शेवटच्या रांगेकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. "किती आतून बोलल्यात! कोण या?"

"फील्डवरच्या निवेदक आहेत, मॅडम."

"मग गेल्या का त्या बहिणीला भेटायला?"

खरं सांगायला तेवढी एक फट होती. मी म्हणाले, "मॅडम, ते संशोधनाच्या कक्षेबाहेर आहे."

हॉल हसला. सर खूश होऊन मान डोलवत हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

निकाल जाहीर झाला, मी डॉक्टर झाले. मायनं पेढे वाटले. बाहेरच्या माणसांशी ती मराठीच बोलते. उत्तरा मॅडमना म्हणाली, "घ्या ना, आणखी एक घ्या." मॅडमनी पेढा घेतला, छान आहे म्हणाल्या. आवाज त्यांना ओळखू आला नाही.

 घरी आल्यावर मी म्हणाले, "माय, उद्या गाडी करते. नामपूरला जाऊ."

"आता तिथं कोण आहे?" ती म्हणाली. मराठीत. मला वाटलं, रागावलीय, दोन दिवसांत निवळेल. राग नव्हताच तो. तिनं मला बाहेरच्यांत धरलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी मराठीतच बोलते, नीट, जपून. जेवायला वाढते, औषध आणलंस का विचारते. स्वतःसाठी काही म्हणजे काही मागत नाही.

परवा मला राहवलं नाही. ती कॉटवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसले आणि तिला काय हवंय ते जन्मात पहिल्यांदा तिच्या भाषेत विचारलं. "माय, तुले काय जोयजे? सांग ना."

तिनं मान वर केली. "रेकॉर्ड करायचंय का?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं साधंच विचारलं होतं. माझा फोन ठेवायला जागा व्हावी म्हणून तिनं कॉटवरचे कपडे एका बाजूला सरकवले, आणि थांबून राहिली.