आठव्या पानावरची सावली

सुईला घरीदारी सगळे सुईच म्हणत. एक तर ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वीस वर्षं रफू करत होती, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. दहावीनंतर शाळेने तिला सोडलं की तिने शाळेला, यावर घरात दोन मतं होती. वाचायचं मात्र तिने सोडलं नाही. रद्दीतली पुस्तकं, कोटांच्या खिशात विसरलेली पत्रं, औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, हाती पडेल ते वाचत ती लिहायला शिकली. लिहिलेलं जिथे जिथे पाठवलं तिथून परत आलं. 'भाषेवर आणखी मेहनत घ्यावी.' मेहनत म्हणे! दिवसभर लोकांची भोकं बुजवणाऱ्या बाईला मेहनत शिकवणारे हे कोण, तर स्वतःच्या शर्टाचं बटणसुद्धा ज्यांना लावता येत नाही ते.

आणि मग एका संपादकाचं पत्र आलं. नव्या लोकांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रकथांचं तो पुस्तक काढत होता, प्रत्येकाला आठ पानं. सुईची गोष्ट त्याला आवडली होती. फक्त चित्रं तुमची तुम्ही आणा, म्हणाला.

गोष्ट अशी होती. एका गावात लोकांच्या सावल्या फाटतात. कोणाची दारात अडकते, कोणाची खिळ्याला लागते. मग ते रफू करणाऱ्या बाईकडे येतात. सावलीचं रफू करायचं तर धागा सावलीचाच लागतो, म्हणून ती बाई एकाचं बुजवायला दुसऱ्याचं उसवते. आठव्या पानावर सावलीच नसलेला एक माणूस येतो, आणि त्याला अख्खी सावली लागते. एक म्हातारी आपली काढून देते.

"चित्रं वहिनी काढेल," सुईने घरात जाहीर केलं.

"वहिनीला विचारलंस का?" वहिनी म्हणाली.

वहिनीने चौदा वर्षं नकाशांच्या कचेरीत ट्रेसिंग केलं होतं. टेबलावर नकाशा, नकाशावर बटरपेपर, हातात पेन. यंत्रं आली आणि वहिनी घरी आली. हात अजून असा की रेघ मारताना श्वाससुद्धा विचारून घेईल. पण एक मेख होती. तिला मनातलं काही काढता येत नसे.

"समोर असेल ते उतरवून देते. नसेल ते कुठून आणू?"

चेहरे निभावले. दादाला खुर्चीत बसवून दुकानदार काढला, आरशात बघून गावातल्या बायका काढल्या. अडलं ते सावल्यांशी. मनाने काढलेली सावली सांडलेल्या शाईसारखी दिसे. शेवटी वहिनीने आपल्या धंद्याची वाट धरली. खरी सावली जमिनीवर किंवा भिंतीवर पडली की तिच्यावर बटरपेपर लावायचा, कडेकडेने पेन्सिल फिरवायची, मग चौकटी आखून ती लहान करून पानावर घ्यायची. आत एक बारीक फुली मारून ठेवायची. फुली दिसली की तिथे ब्रशने काळं भरायचं. हे काम सुईचं.

पहिल्या पानावर स्वयंपाकघरातल्या खुर्चीची सावली घेतली. सुईने ती भरली त्या दिवशी दादा त्या खुर्चीला तीनदा अडखळला.

"ही इथे कोणी ठेवली?"

"लग्नाच्या आधीपासून तिथेच आहे," वहिनी म्हणाली. "तुमचं लक्ष कुठे असतं?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने आई हसली, आतल्या खोलीतून. तिचे पाय गेली दोन वर्षं चालत नव्हते, पण कान आणि तोंड चौघांना पुरेल एवढं चालू होतं.

तिसऱ्या पानावर फाटकाजवळचा कुत्रा आला. हा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर भुंके, आणि पोस्टमन त्याला एवढा भिई की पत्रं फाटकावरून फेकून पळे. पान भरून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन फाटक उघडून सरळ आत आला. कुत्र्याच्या शेपटीवर पाय देऊन आला. खाली पाहिलंसुद्धा नाही. कुत्रा केकाटला, आणि मग आपलं केकाटणं कोणालाच ऐकू जात नाही हे कळल्यासारखा गप्प बसून राहिला.

सुईने खिडकीतून हे पाहिलं. ऊन स्वच्छ पडलं होतं. फाटकाची सावली होती, पोस्टमनची होती. कुत्र्याखाली नुसती जमीन होती, बस्स.

तिने वहिनीला सांगितलं नाही. पाचवं पान जवळ आलं होतं.

पाचव्या पानावर दुकानातला इस्त्रीवाला होता. वहिनी डबा द्यायला आली तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवर सावली छान पडली होती. "भाऊ, हलू नका हं जरा," असं म्हणून तिने कागद लावला. इस्त्रीवाला खुश. "वहिनी, पोट थोडं आत घ्या माझं." सोमवारी सुईने तो भरला. मोठी सावली, ब्रश चारदा बुडवावा लागला.

बुधवारी गिऱ्हाइकं त्याच्या अंगावरून हात नेऊन कपडे पलीकडे ठेवू लागली. गुरुवारी मालकाने नवा इस्त्रीवाला लावला.

"आणि तो?" सुईने विचारलं.

"तो कोण?" मालक म्हणाला. तो तिथेच उभा होता, मालकापासून हातभर अंतरावर, हातात गरम इस्त्री. भिंतीवर टेबलाची सावली होती. इस्त्रीची सावली आपली आपणच पुढेमागे सरकत होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला तरी मी दिसतो ना?"

"दिसता की! वेडे का तुम्ही?"

"काल बायकोने तीनच पानं वाढली. आम्ही घरात चौघं."

सुई घरी आली ती धावत. पाचवं पान काढून तिने त्या सावलीवर पांढरा रंग फासला. वाळता वाळता काळं वर आलं. पुन्हा फासला, पुन्हा वर आलं. तेव्हा तिने वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं, खुर्चीपासून. वहिनी फाटकापर्यंत जाऊन कुत्रा बघून आली. परत आली ती आठवं पान हातात घेऊन.

"आठव्या पानावर मी आईंची घेतलीय," ती म्हणाली.

ते रविवारीच झालं होतं. सकाळचं ऊन आईच्या लोखंडी खाटेमागच्या भिंतीवर येतं, वहिनीने कागद लावला होता, आणि आई मान ताठ करून बसली होती. "माझं नाक एवढं मोठं नाही हं. कमी कर." "सावलीचं नाक कसं कमी करू, आई? उन्हाला सांगा." आता पान तयार होतं. उंबऱ्यापासून खालच्या चौकटीपर्यंत पसरलेली म्हातारीची सावली, आणि मधोमध फुली.

"फाडून टाक," वहिनी म्हणाली.

"आणि गोष्ट?"

"दुसरी कोणाची घेऊ. झाडाची घेऊ."

"झाड दार उघडून रफूवालीकडे येतं का? माणसाचीच लागेल. तुझी घे."

"माझी मला कशी घेता येईल? मी हात हलवला की सावली हलते." वहिनी थांबली. मग तिने सुईकडे सरळ पाहिलं. "तुझी काढून देते. बस भिंतीपाशी."

सुई उठली नाही.

"बोल ना."

"मलाच कोणी ओळखेनासं झालं," सुई म्हणाली, "तर पुस्तकावर नाव कोणाचं राहील?"

वहिनीने खोडरबर घेतलं, आठव्या पानावरची फुली खोडली, आणि आतली सावली तशीच पांढरी ठेवून आठही पानं संपादकाला पाठवून दिली. सुईने अडवलं नाही. इस्त्रीवाल्यासाठी तिने एक चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली: 'तो आहे. रोज हाक मारायची.' शुक्रवारी तिने हाक मारली. शनिवारी पर्समध्ये चिठ्ठी सापडली तेव्हा 'तो' म्हणजे कोण हे आठवायला तिला घराच्या पायरीवर बसावं लागलं.

तेवढ्यात संपादकाचा फोन आला. सकाळचे दहा वाजले होते.

"काम फार सुंदर झालंय," तो म्हणाला. "फक्त एक विचारायचं होतं. शेवटच्या पानावर म्हातारीची सावली भरायची राहिलीय."

"राहिली नाही. तशीच ठेवायचीय."

"अहो, सगळी गोष्ट सावलीची, आणि ऐन शेवटी सावलीच नाही? वाचणाऱ्याला वाटेल छापताना चुकलं. हे पान असं नाही घेता येणार मला."

"म्हणजे?"

"म्हणजे गोष्टच बाजूला ठेवावी लागेल. दुपारी सगळं छापायला जातंय. तुम्ही त्रास घेऊ नका, मी इथे संगणकावर भरून टाकतो. एका बोटाचं काम आहे. भरू?"

आतून आईची हाक आली. "सुई, कोणाचा गं फोन? छापणाऱ्यांचा का? सांग त्यांना, म्हातारीचं नाक तासून घ्या म्हणावं!" आणि ती स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितलेली बरी. सुईला माहीत होतं. पुढे कोणी म्हणेल, तिचा विश्वास बसला नसेल, गोंधळली असेल, बिचारी. तसलं काही नव्हतं. चिठ्ठी तिच्या हातात होती, कुत्रा तिला खिडकीतून दिसत होता, आई आत हसत होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांना असं रफू घालायचं की घालणारीचा हात कुठे दिसता कामा नये, हाच तिचा धंदा होता. एकदा, फक्त एकदा, तिला दिसायचं होतं.

"भरा," ती म्हणाली.

"झालंच," संपादक म्हणाला. झालंसुद्धा.

ती आत गेली. आई उन्हात बसली होती. मागे खाटेच्या कठड्याची सावली भिंतीवर होती, उशीची होती, औषधाच्या बाटलीची होती.

"अशी काय बघतेस?" आई म्हणाली. "भूत पाहिल्यासारखी."

"काही नाही."

"गोष्ट घेतली का त्यांनी?"

"घेतली."

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "ये, बस इथे." सुई बसली. आईने तिचा हात हातात घेतला, आणि सुईने तो बराच वेळ सोडवून घेतला नाही, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही.

वहिनीला कळलं तेव्हा तिने सुईशी बोलणं टाकलं. ताट आपटून वाढू लागली. आईच्या खोलीत ती दिवसातून दहादा जाई, मोठमोठ्याने बोले, "आई, मी आलेय हं, आई, चहा," जसं काही बोलत राहिलं की टिकेल. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी आपण सुईशी अबोला का धरलाय हे तिला आठवेना, आणि तिने कोरडेपणाने विचारलं, "मीठ बरोबर आहे का गं?" सुई म्हणाली, "बरोबर आहे." दोघींनाही बरं वाटलं.

दादाने नऊच्या गोळीचा गजर बंद केला. कशासाठी लावला होता कोण जाणे, म्हणाला.

पुस्तक आठवड्याभराने आलं. सुईने दुकानातून रजा घेतली. गोष्टीच्या शेवटच्या पानावर दोन नावं होती, तिचं वर, वहिनीचं खाली, खणखणीत छापलेली. तिने नावावरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागली नाही. दादाने गोष्ट दोनदा वाचली. तो पुस्तकं वाचणारा माणूस नव्हता, पण शेवटच्या पानावर अडकून बसला.

"ही म्हातारी कोण गं?" तो म्हणाला. "ओळखीची वाटते. नाक बघ कसलं!"

"कोणी नाही," सुई म्हणाली. "सुचली अशीच."

"तुला सुचली असेल. मी काढली," वहिनी म्हणाली. ती पानाकडे वाकून बघत होती, आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. "पण समोर कोण बसलं होतं?"

कोणालाच सांगता येईना. आतल्या बाजूने काहीतरी वाजत होतं. लोखंडावर धातूचं भांडं हळूहळू आपटावं तसं, थांबून थांबून. सकाळपासून वाजत होतं. खरं तर चार दिवस वाजत होतं, आता बारीक झालं होतं.

"नळाच्या पाइपात हवा धरली असेल," दादा म्हणाला. "प्लंबरला सांगायला हवं."

"कधीचं म्हणताय," वहिनी म्हणाली.

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. सुईने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आपलं नाव पुन्हा वाचलं. मग ती पाणी प्यायला उठली, आणि त्या दारावरून जाताना तिने डोळे पुस्तकातून वर केले नाहीत.

दुपारकडे आवाज थांबला.

"बघ," दादा म्हणाला. "म्हटलं होतं ना. आपोआप जातं."