चार बोटं बुटकी तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. पण नावं ठेवण्याआधी ऐका, मी जन्मापासून बुटकी नव्हते. सुताराने एका जुन्या दाराच्या लाकडातून मला घडवलं, तेव्हा मी चांगली उंच होते. रुग्णालयाच्या औषधांच्या कोठीत माझ्यावर चढून वरच्या फळीवरचे खोके काढत. "खुर्ची डुगडुगते, पण ही कधी नाही," असं कोठीवाल्या बाई म्हणायच्या आणि मी मनातल्या मनात फुगून जायचे. पुढे तिथे लोखंडी शिडी आली आणि माझ्यावर ओली फडकी वाळू लागली. गरज सरो, वैद्य मरो. रुग्णालयात ही म्हण मोठ्याने म्हणू नये, पण माझं झालं तसंच.

तिथून मला एका गृहस्थांनी उचललं, सगळे त्यांना काका म्हणत. काका कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात काम करत. त्यांच्याकडे ना सुई, ना गोळी. ज्याला प्रार्थना हवी त्याच्याबरोबर प्रार्थना करायची, ज्याला भीती वाटते त्याचं ऐकायचं आणि ज्याला पत्ते खेळायचे त्याच्याशी हरायचं, हेच त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की माझ्यावर बसलं की आपलं डोकं खाटेवरच्या मुलाच्या वर जातं. त्यांनी सुताराला बोलावून माझे तिन्ही पाय चार-चार बोटं कापून घेतले. मला फार वाईट वाटलं. पण मुलं आता काकांकडे वरून पाहत ऐटीत बोलू लागली, तेव्हा मी माझी उंची विसरले.

काकांचा एक नियम होता. मला खाटेपासून दोन पावलांवर ठेवायचं आणि विचारायचं, "बसू का?" मूल नको म्हणालं, की मला उचलून "उद्या येतो" म्हणत निघायचं. त्या वॉर्डात सुईला नको म्हणता येत नाही, कडू औषधाला येत नाही, आणि केस गळण्याआधी तर कुणी विचारतही नाही. मला मात्र नको म्हणता येतं.

एका वर्षी सतरा वर्षांची एक मुलगी तिथे आली. ती शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार होती, म्हणून सगळे तिला कप्तान म्हणत. औषधाची पहिली फेरी तिने दातओठ खाऊन काढली. दुसरी सोमवारी सुरू व्हायची होती आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला आता काही नको, एवढंच म्हणे. डॉक्टरबाईंनी समजावलं, आईने विनवलं, पण ती ढिम्म हलेना. काकांनाही ती सहा दिवस नको म्हणाली आणि सहाही दिवस आम्ही आल्या पावली परत गेलो.

शुक्रवारी काकांनी विचारलं, तेव्हा लेकीच्या आधी आईच बोलली, "बसा ना, बसा. ती काय सांगणार?" सोमवार जवळ आलेला. काकांनाही घाई झाली आणि ते बसले. कप्तानने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि ते उठेपर्यंत काढलं नाही.

शनिवारी काका आले ते मान खाली घालूनच. मला नेहमीच्या जागी ठेवून उभ्यानेच म्हणाले, "काल तू हो म्हटलं नव्हतंस, तरी मी बसलो. चुकलं माझं." आईला वाटलं, एवढ्याशा गोष्टीची माफी कसली मागायची. पण पांघरुणातून आवाज आला, "तुम्ही जा. तिपाई राहू द्या."

काका गेले, आईही चहा आणायला गेली. मग कप्तान माझ्याशी बोलू लागली. लाकडाला काय भ्यायचं? प्रत्येक सामन्याआधी ती देवाला हात जोडायची. आजार कळल्यापासून तिने ते सोडलं होतं, कारण ती देवावर भयंकर चिडली होती. मावशीने तर बजावलं होतं, की श्रद्धा ठेवलीस तरच औषध लागू पडेल. आता मनात श्रद्धेच्या जागी नुसता राग. म्हणजे औषध लागू पडणारच नाही, मग आईला खोटी आशा कशाला लावायची? एवढं सगळं ती एकटी गिळून बसली होती. मला तोंड असतं, तर मी वॉर्डभर ओरडत सुटले असते. पण मला नुसते पाय, तेही कापलेले.

रविवारी काकांनी पुन्हा विचारलं, "बसू का?"

कप्तान भिंतीकडून आमच्याकडे वळली. मग म्हणाली, "बसा." मला सांगितलेलं सगळं तिने त्यांना सांगितलं आणि शेवटी विचारलं, "देवावर चिडलं तर चालतं का?"

"घरी तू सगळ्यात जास्त कुणावर चिडतेस?"

"आईवर."

"शेजारच्या काकूंवर का नाही?"

"त्यांच्यावर कशी चिडणार? आई आपली असते."

"मग झालं तर," काका म्हणाले. "हवं तेवढं चीड. औषधाचं मात्र डॉक्टरबाईंनाच विचारू, तुझ्यासमोर."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. हमी देता येत नाही, पण औषध कुणाचा राग तपासून लागू पडत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सोमवारी कप्तानने सुईसाठी आपणहून हात पुढे केला. देवाला हात जोडले नाहीत, पण सकाळीच त्याच्याशी कडाडून भांडले, असं तिने काकांना ऐटीत सांगितलं.

ती बरी झाली. सगळी मुलं होत नाहीत, मित्रांनो. तीही मला आठवतात. पुढे काकांचे गुडघे दुखू लागले, नव्या खुर्च्या आल्या आणि मी व्हरांड्यात गेले. माझ्या डोक्यावर कुंडी आली. मला वाटलं, संपलं आपलं.

परवा लांब वेणी घातलेल्या एका तरुणीने ती कुंडी खाली ठेवली आणि ओढणीने माझी धूळ पुसली. काकांच्या हाताखाली त्यांचं काम शिकायला आलेली कप्तान होती ती. तिने मला एका नऊ वर्षांच्या मुलीच्या खाटेपासून दोन पावलांवर ठेवलं.

"बसू का?"

"नको."

"बरं. उद्या येते," म्हणत तिने मला उचललं. ती नाराज नव्हती, मीही नव्हते.

मित्रांनो, जुन्या तिपाईवर कुंडी ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण अधूनमधून तिची धूळ पुसत जा. आणि आजारी मित्राकडे गेलात, तर बसण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर रुसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आम्हीही उद्या जाणार आहोत.