सात पूर्णांक शून्य

तापमापक तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. दवाखान्यांतून, कारखान्यांतून आलेला प्रत्येक तापमापक आधी बर्फात बुडवायचा, मग उकळत्या पाण्यात, आणि थापा मारत असेल तर 'बाद' लिहिलेल्या लाल पेटीत टाकायचा. दयामाया नाही.

दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि दोन आठवड्यांपूर्वी ती मिळाली त्यांनीच हाताला धरून शिकवलेल्या मुलीला. "चांगलं झालं. मला काय फरक पडतो?" असं घरी म्हणत त्यांनी कपाटाचं दार लावलं, ते बिजागरीसकट निखळलं.

बायकोने आधी समजुतीने विचारलं, मग भांडून विचारलं. शेवटी या आठवड्यात म्हणाली, "शनिवारी ताईकडे जातेय, महिनाभर. भिंतीशीच बोलायचं तर तिच्याकडच्या भिंती बऱ्या. दारं तरी आपटत नाहीत."

नेमणुकीच्या आठवडाभर आधी कचेरीत समुपदेशक बाई येऊन गेल्या होत्या. "रोज सकाळी स्वतःच्या मनाला शून्य ते दहामधला एक आकडा द्या," त्या म्हणाल्या. हे खूश! मनाविषयी आकड्यांत बोलणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांनी आलेखाचा कागद आणला, पेन्सिलीला टोक केलं. एकवीस दिवस, एकवीस ठिपके, सगळे सात पूर्णांक शून्यवर. पट्टीने आखावी तशी रेघ.

"बघ, किती स्थिर आहे मी," घरी त्यांनी बायकोला ऐकवलं.

"परवा रिमोट फेकलात तो?"

"तो सातमध्येच बसतो."

शुक्रवारी नव्या मॅडम त्यांच्या टेबलाशी थांबल्या. त्यांनी तिथल्या भिंतीवर लावलेला आलेख बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, माझी नेमणूक झाली त्या दिवशीही सात?"

"सातच."

"बर्फातही तेवढाच, उकळत्या पाण्यातही तेवढाच. अशा तापमापकाचं काय करायचं, ते तुम्हीच मला शिकवलंत." एवढं हळूच बोलून त्या गेल्या.

त्यांनी लाल पेटीकडे पाहिलं. मग आलेख काढला, नीट घडी घातली आणि तिच्यात टाकला. नियम म्हणजे नियम.

घरी बायको बॅगेची चेन ओढत होती. ते दारातच उभे राहिले, बूट न काढता.

"तीन," ते म्हणाले.

"काय तीन?"

"आज. अडीचही असेल. ती जागा मला हवी होती गं. फार हवी होती."

तिने चेन अर्ध्यावर सोडली. "नक्की किती? तीन की अडीच?"

"माहीत नाही. अंदाजे."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला. ती बॅगेवरच बसली. बॅग मात्र उघडली नाही.

"गाडी उद्या दुपारची आहे," ती म्हणाली. "करा सुरुवात."

त्यांनी बूट काढले आणि कपाटाच्या दारापासून सांगायला सुरुवात केली.